खान्देशातले रस्ते, आपल्या सवयी आणि टायर खाणारी गाडी

गिरणाकाठ (जळगाव)

रामराम मंडळी,

टायर आणि अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन बरोबर बसवायच्या, कामात माझी बरीच वर्षं गेली. दुकानात येणाऱ्या माणसाचं वाक्य ठरलेलं असतं, "गाडी टायर खातेय, अलाइनमेंट करून द्या." गाडी मशीनवर चढवायची, लाल आकडे हिरवे करायचे आणि कागद हातात द्यायचा, हे काम फार वेळाचं नाही. पण टायर नेमका कुठून खाल्लाय हे आधी कुणी बघितलंच नसेल, तर ते हिरवे आकडे पुढच्या मोठ्या खड्ड्यापर्यंतच टिकतात. घाम गाळून कमावलेला पैसा लोक नव्या टायरात घालतात आणि वर्षभरात तोच टायर आतून तारेपर्यंत गेलेला दिसतो. हे मला बघवत नाही, म्हणून हा धागा.

आधी टायर बघायला शिका. दोन्ही कडा गेल्या आणि मधला पट्टा शाबूत राहिला, तर गाडी कमी हवेवर चालली. मधला पट्टा गुळगुळीत आणि कडांना नक्षी शिल्लक, तर हवा जास्त होती. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड गेली असेल, तर टो आणि कॅम्बर या चाकाच्या दोन कोनांकडे बघायचं. टायरच्या घेरावर थोड्याथोड्या अंतराने खळगे पडले असतील, तर शॉकअप (चाकाच्या उड्या दाबणारे नळकांडे) मेलेत किंवा बॅलन्सिंग, म्हणजे चाकाच्या घेरावरचं सारखं वजन, गेलंय. चाक रस्त्यावर नीट टेकून चालत नाही, उड्या मारत चालतं, म्हणून ते खळगे.

टो म्हणजे काय? पुढची दोन्ही चाकं वरून बघितली तर एकमेकांना जवळपास समांतर हवीत. पुढून आत वळलेली असतील तर टो-इन, बाहेर फाकलेली असतील तर टो-आउट. कॅम्बर समोरून दिसतो, चाक उभं आहे की वरच्या बाजूने आत-बाहेर कललंय ते. दोन्हीने टायर खाल्ला जातो, पण टो फार भराभर खातो. कॅम्बरचं काम सावकाश चालतं.

आता हाताने करायची तपासणी. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलेलं असू द्या, म्हणजे पुढच्या टायरची नक्षी बाहेरून दिसते. तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने हात सरळ सरकतो आणि परत येताना नक्षीच्या कडा करवतीसारख्या लागतात, असं झालं तर टो बिघडलाय. आत जाताना गुळगुळीत आणि बाहेर येताना धार लागली, तर टो-इन जास्त. उलट असेल तर टो-आउट. हे डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी हाताला कळतं. आतली कड मात्र वाकून बघावीच लागते. उभ्या उभ्या टायर नवाकोरा दिसतो आणि आतून तार डोकावत असते.

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे रस्त्याच्या कडा बसतात आणि डांबरावर लांब लाटा तयार होतात. त्यात गावागावाला स्पीडब्रेकर. जळगाव-धुळे असो की चोपडा-यावल-रावेर, पुढच्या सस्पेन्शनला विसावा असा नाही.

तुमच्या गाडीचा टायर कुठून गेलाय ते लिहा. मला जमेल तसं उत्तर देतो.

बोरीकाठ (अमळनेर)

चांगला धागा भाऊ. माझी पुढचं इंजिन, पुढची चाकं ओढणारी छोटी हॅचबॅक आहे. डाव्या बाजूचा पुढचा टायर आतून पार गेला, एका ठिकाणी तार दिसते. उजवा जवळपास ठीक. सहा महिन्यांपूर्वी अलाइनमेंट झालेली आहे आणि कागदावर सगळं हिरवं आहे. गाडी किंचित डावीकडे जाते, पण रस्त्याला उतार असतो म्हणून तिकडे लक्ष दिलं नव्हतं. पुन्हा अलाइनमेंट करू का?

गिरणाकाठ (जळगाव)

बोरीकाठ भाऊ, तार दिसतेय तर तो टायर आज काढा. स्टेपनी लावा आणि मगच गाडी हलवा. अमळनेरहून जळगावला दाखवायला म्हणूनही त्या टायरवर येऊ नका. हे आधी, बाकीचं नंतर.

आता कारण. दोन्ही टायर सारखे आतून गेले असते तर मी टो-आउट म्हटलं असतं. एकच गेलाय, म्हणजे त्या एका चाकाचं काहीतरी सैल झालंय किंवा वाकलंय. पुढून गाडी जॅकवर घ्या, खाली आधार लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. चाक डावी-उजवीकडून, म्हणजे घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी धरा आणि हलवा. खडखड लागली तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) किंवा स्टिअरिंग रॅक. मग वर-खाली, १२ आणि ६ ला धरून हलवा. तिथे हाललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. दोन्हीकडे काही नसेल तर लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे, बुश (सांध्यातली रबरं) बघायला सांगा. रबर फाटलेलं असेल तर उभी गाडी मशीनवर बरोबर दाखवते आणि ब्रेक मारला की चाक जागा सोडतं. तुमचा हिरवा कागद खरा असू शकतो. तो उभ्या गाडीचा आहे.

सैल पार्टवर केलेली अलाइनमेंट फुकट जाते. आधी पार्ट, मग अलाइनमेंट, हाच क्रम.

पांझराकाठ (धुळे)

टो किती खातो याचा साधा हिशेब देतो, मी पॉलिटेक्निकच्या पोरांना असाच देतो. चाक जायच्या दिशेपेक्षा १ अंश तिरकं असेल, तर दर किलोमीटरला ते सुमारे साडेसतरा मीटर आडवं घासलं जातं. पाव अंश तिरकं असलं तरी दर किलोमीटरला सव्वाचार मीटरहून जास्त. धुळे-जळगाव अंतर ९० किमीच्या आसपास धरा, म्हणजे एका फेरीत त्या टायरचं रबर साधारण ४०० मीटर आडवं ओढलं गेलं. तेही गरम डांबरावर. पाव अंश डोळ्याने दिसत नाही, म्हणून मशीन लागतं.

शिरपूरना आबा

भो, मन्हा टायर दोन्ही बाजूथीन खायेल शे, मझार बराबर शे. बठ्ठा म्हनतस अलाइनमेंट कर. कसाले व्हस हाई?

गिरणाकाठ (जळगाव)

आबा, दोन्ही बाजूंनी खाल्लाय म्हणजे हवा कमी राहिली. अलाइनमेंटचा पैसा वाचवा. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतं, त्यावर पुढच्या आणि मागच्या टायरचे आकडे लिहिलेले असतात, दोन माणसांचे वेगळे आणि भरलेल्या गाडीचे वेगळे. त्याप्रमाणे हवा भरा. पंपावरच्या पोराने अंदाजाने सगळ्या गाड्यांना एकच आकडा लावू नये, आणि आपणही "टाक तीस" म्हणू नये. स्वतःचा छोटा गेज गाडीत ठेवा, फार महाग नसतो.

सातपुडा_यावल

मी शाळेत शिकवते, रोज यावलहून चोपड्याच्या बाजूला जाणं-येणं असतं. मला एक विचारायचंय. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. घरातले सगळे सांगतात, उन्हाळ्यात हवा चार-पाच पॉइंट कमी ठेव, नाहीतर टायर फुटतो. मी तसंच करत आलेय. बरोबर आहे का?

केळीबाग_रावेर

बरोबरच आहे ताई. उन्हात हवा फुगते, जास्त भरली की फटकन जाते. आमच्या पिकअपला आम्ही उन्हाळ्यात कमीच ठेवतो.

गिरणाकाठ (जळगाव)

केळीबाग दादा, इथे मला तुमच्याशी पूर्ण असहमत व्हावं लागेल, कारण ह्या समजुतीने माणसं मरतात.

टायर उन्हाने फुटत नाही. तो फुटतो स्वतःच्या आतल्या गरमीने. चाक फिरताना टायरची बाजू प्रत्येक फेरीला जमिनीजवळ दबते आणि वर जाताना सुटते. त्या दबण्या-सुटण्याने रबर आणि आतलं जाळं तापतं. हवा कमी असली की बाजू जास्त दबते, म्हणून जास्त तापते. वेग वाढला की हेच मिनिटात कितीतरी जास्त वेळा होतं. ४४ अंशाच्या दुपारी, कमी हवा, चार माणसं, डिकीत सामान आणि महामार्गावर शंभरचा वेग, यात टायरची बाजू आतून जळत जाते आणि एका क्षणी थर सुटतात.

हवा गरमीने वाढते हे खरंच आहे. १० अंश तापमान वाढलं की साधारण दीड ते पावणेदोन पीएसआय (आपण पॉइंट म्हणतो तेच) वाढतात. चालवल्यावर अजून तीन-चार वाढतात. पण कंपनीने स्टिकरवर दिलेला आकडा थंड टायरचा असतो आणि पुढची ही वाढ त्यात धरलेली असते. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा त्याहून बरीच वर असते.

ताई, सकाळी शाळेला निघण्यापूर्वी किंवा गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर हवा बघा आणि स्टिकरवरचा आकडा ठेवा. दुपारी रस्त्यात गेज चार पॉइंट जास्त दाखवेल. ती हवा काढायची नाही. काढली की संध्याकाळी टायर थंड झाल्यावर हवा चार पॉइंट कमी पडणार. यावलच्या मेमध्ये सकाळीही पारा तीसच्या आसपास असतो, तेव्हा त्याच वेळी मोजलेलं बरोबर.

केळीबाग_रावेर

समजलं भाऊ. मग आमच्या पिकअपचं काय? केळीचा माल भरून शेतातून सावद्यापर्यंत न्यायचा. मागचे टायर मधून जातात आणि पुढचे कडांनी.

गिरणाकाठ (जळगाव)

दादा, माल भरताना मागे जास्त हवा मारली आणि रिकामी गाडी परतताना तीच राहिली, असं होत असणार. भरलेल्या गाडीच्या हवेवर रिकामी गाडी फिरली की मधलाच पट्टा रस्त्याला टेकतो. शेतातून माल काढायचे दिवस एकापाठोपाठ एक असतील, तेव्हा रोज हवा कमी-जास्त करणं जमत नाही हे मला कळतं. पण हंगाम संपला की मागची हवा रिकाम्या गाडीच्या आकड्यावर आणायची, एवढं तरी करा. पुढचे टायर दोन्ही कडांनी जाताहेत, म्हणजे पुढे कमी हवा. मागे दोन-तीनदा हवा बघणारा माणूस पुढे बघतच नाही, असं मी नेहमी पाहतो.

आणि क्षमतेपेक्षा जास्त माल भरला, तर कुठल्याही हवेने टायर वाचत नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

पांझराकाठ (धुळे)

सीएनजी गाडीवाल्यांनी पण हे वाचावं. डिकीतल्या सिलिंडरचं वजन कायमचं मागच्या टायरवर असतं. गाडी सीएनजीसह आलेली असेल तर स्टिकरवर त्याचा विचार केलेला असतो. किट बाहेरून बसवलं असेल, तर मागची हवा रिकाम्या गाडीच्या आकड्यावर ठेवू नका.

चाळीसगावकर

माझे पुढचे दोन्ही टायर बाहेरच्या कडेने गोल झालेत. हात फिरवला, पण गिरणाकाठ म्हणतात तशी धार कुठल्याच बाजूने लागली नाही. संभाजीनगरला जाणं-येणं नेहमीचं, त्यामुळे कन्नडचा घाट वारंवार.

गिरणाकाठ (जळगाव)

धार लागत नाही, दोन्ही टायर सारखे आणि बाहेरून गोल, तर हे बहुतेक वळणांचं काम आहे. वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकावर जातं आणि त्या टायरची बाहेरची कड आडवी घासते. घाटात एकदा डावं वळण, एकदा उजवं, म्हणून दोन्ही बाजू सारख्या. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत तेच टायर वळतात, तेच ओढतात आणि ब्रेकचं बहुतांश वजनही तेच घेतात. हवा दोन-तीन पॉइंट कमी असेल तर हे दुप्पट जाणवतं.

वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करा. वळणात शिरल्यावर ब्रेक नको. उतरताना खालचा गिअर टाका, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं. टायर वाचतो आणि ब्रेकही तापत नाहीत. घाटात हळू चालणाऱ्या गाडीच्या मागे लागलं की ओव्हरटेकच्या नादात वळणावर ॲक्सिलरेटर दाबला जातो, तो मोह टाळा.

शहरात सर्कल जास्त असतील तरी असाच प्रकार होतो, पण मुख्यतः डाव्या टायरला. आपल्याकडे सर्कल घड्याळाच्या दिशेने फिरतात, गाडी उजवीकडे वळत राहते आणि भार डाव्या चाकांवर येतो.

शहादा_टू_सुरत

माझा अलाइनमेंटचा कागद इथे टाइप करतो. दुकानदाराने सांगितलं कॅम्बर लाल आहे, ठोकून बसवावा लागेल, पैसे वेगळे.

पुढे डावा कॅम्बर उणे ०°५५', उजवा उणे ०°१५'. डावा टो अधिक ०°०८', उजवा अधिक ०°०६'. स्टिअरिंग सरळ असताना लोगो किंचित तिरका दिसतो. गाडी उजवीकडे ओढते.

गिरणाकाठ (जळगाव)

कागद टाकलात हे फार बरं केलंत. आधी समजून घ्या, हे आकडे अंश आणि मिनिटांत आहेत, ६० मिनिटांचा एक अंश. कॅम्बर उणे म्हणजे चाक वरून आत कललेलं, टो अधिक म्हणजे टो-इन. टो तर अगदी थोडा आहे. तुमच्या मॉडेलच्या मर्यादेशी तो कागदावरच ताडून बघा, मर्यादा शेजारी छापलेली असते.

कॅम्बरमध्ये डाव्या-उजव्यात ४० मिनिटांचा फरक आहे. गाडी जास्त अधिक कॅम्बर असलेल्या बाजूला ओढते. तुमचा उजवा कमी उणे आहे, म्हणून उजवीकडे ओढ. हे जुळतंय. रस्त्याचा उतार डावीकडे असूनही गाडी उजवीकडे जाते, म्हणजे फरक खरा आहे.

आता ठोकण्याबद्दल. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र उभा खांब) असतो आणि कारखान्यातून फक्त टो फिरवायची सोय दिलेली असते. कॅम्बर बदलला असेल, तर काहीतरी वाकलंय किंवा सैल झालंय: स्ट्रट, लोअर आर्म, नकल (ज्यावर चाक बसतं तो भाग) किंवा ज्या पट्टीवर हे सगळं बसतं ती. काही गाड्यांत स्ट्रट जिथे नकलला बोल्टने जोडतात, तिथे बोल्ट सैल करून चाक थोडं इकडे-तिकडे घेता येतं, काहींना कॅम्बर बोल्ट बसतात. तेवढं चालतं. पण हायड्रॉलिक जॅक लावून नकल किंवा आर्म वाकवून कॅम्बर हिरवा करणाऱ्याला नाही म्हणा. वाकलेला पार्ट पुन्हा वाकवला की तो कुठे तडकला हे कुणालाच दिसत नाही, आणि तो पार्ट तुमचं चाक धरून ठेवतो.

लोगो तिरका असणं ही वेगळी गोष्ट आहे. दोन्ही चाकांचा मिळून टो बरोबर असेल आणि फक्त स्टिअरिंग मध्यावर नसेल, तर टायर त्यामुळे खाल्ला जात नाही, कारण सरळ जाताना दोन्ही चाकं टो आपसात वाटून घेतात. तरी तेही नीट करून घ्या. अलाइनमेंट करताना स्टिअरिंगला क्लॅम्प लावला नसेल तर असं होतं.

शहादा_टू_सुरत

चाकाला एवढा फरक कशाने आला असेल? धडक झालेली नाही.

गिरणाकाठ (जळगाव)

एक खोल खड्डा पुरतो. सगळ्यात वाईट म्हणजे ब्रेक दाबलेला असताना खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर आपटणं. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं, पुढची स्प्रिंग आधीच दबलेली असते. तिला अजून दबायला जागा उरत नाही, मग सगळा धक्का आर्म, स्ट्रट आणि रिमवर जातो. ब्रेकरच्या आधी वेग उतरवा आणि चाक ब्रेकरला लागायच्या क्षणी ब्रेकवरून पाय काढा. नाक वर येतं, स्प्रिंगला काम करायला जागा मिळते. खड्डा चुकवता येत नसेल तर तिथेही असंच. ही एकच सवय लागली तरी टाय रॉड, आर्मचे बुश आणि टायर तिन्ही वाचतात, एवढं मी खात्रीने सांगतो.

दुसरी सवय, गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवणं. पॉवर स्टिअरिंगमुळे हाताला जड लागत नाही, पण उभ्या चाकाखालचं रबर जागच्या जागी रगडलं जातं. पार्किंगमध्ये गाडी जराशी हलत असू द्या, मग वळवा. फूटपाथच्या दगडावर चाक चढवून पार्क करू नका. टायरची बाजू आत चिमटली गेली की आतले दोरे तुटतात आणि काही दिवसांनी तिथे फुगा येतो. फुगा आलेला टायर कुठलाही पंक्चरवाला दुरुस्त करू शकत नाही. बदलायचाच.

बोरीकाठ (अमळनेर)

अपडेट. गिरणाकाठ भाऊंनी सांगितल्याप्रमाणे तपासलं. ३ आणि ९ ला काही नाही, १२ आणि ६ ला काही नाही. डाव्या लोअर आर्मचा मागचा बुश पूर्ण फाटलेला निघाला. मेकॅनिकने पहार लावून आर्म हलवून दाखवला, हातभर लांबून दिसत होतं. आर्म बदलला, मग अलाइनमेंट. गाडी आता हात सोडला तरी सरळ जाते आणि ब्रेक मारल्यावर डावीकडे झुकत नाही. दोन नवीन टायर घेतलेत. पुढे लावू की मागे? दुकानदार म्हणाला पुढे.

पांझराकाठ (धुळे)

मागे.

चाळीसगावकर

पुढेच हवेत ना? ओढणारी चाकं पुढची.

गिरणाकाठ (जळगाव)

पांझराकाठ सर बरोबर आहेत, नवीन जोडी मागे. टायर कंपन्याही हेच सांगतात. पावसात पुढच्या टायरची पकड सुटली तर गाडी सरळ जात राहते, आपण पाय काढतो आणि ती सावरते. मागच्याची सुटली तर गाडी फिरते आणि साध्या ड्रायव्हरला ती सावरत नाही. त्यामुळे चांगली नक्षी मागे. पण पुढे जाणारी जुनी जोडीही चांगली असली पाहिजे. नक्षीच्या खोबणीत तळाशी छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिमीचे. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. कारसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतली किमान मर्यादाही तीच आहे. मी स्वतः पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिमीच्या खाली गेलेला टायर ठेवत नाही. जूनमध्ये पहिल्या पावसाने रस्त्यावरचं तेल-माती ओली होते आणि उथळ नक्षीला ते पाणी बाहेर काढता येत नाही.

चारही टायर एकसारखे झिजावेत म्हणून दर ८ ते १० हजार किमीला जागा बदला. पुढची चाकं ओढत असतील तर पुढचे सरळ मागे आणि मागचे तिरपे पुढे. टायरच्या बाजूवर फिरण्याचा बाण असेल तर मात्र त्याच बाजूला पुढे-मागे, तिरपे नाही.

सातपुडा_यावल

नायट्रोजनबद्दल काय मत? पंपावर आग्रह करतात.

गिरणाकाठ (जळगाव)

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. फुकट मिळत असेल तर घ्या, नुकसान नाही. त्यासाठी पैसे देण्यापेक्षा पंधरा दिवसांनी गेज लावणं कितीतरी उपयोगाचं.

पांझराकाठ (धुळे)

बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट एकच समजणारे बरेच आहेत, म्हणून लिहितो. ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग किंवा वाकलेला रिम. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट, हवेतला फरक, टायर किंवा एखादा ब्रेक धरून बसलेला. टायर काढून पुन्हा रिमवर चढवला की बॅलन्सिंग दर वेळी. लोखंडी रिम थोडा वाकला तर सरळ करता येतो, पण अलॉय तडकलेला असेल तर वेल्डिंग करून वापरू नका.

शिरपूरना आबा

भाऊ, मन्ही गाडी कमी चालस. टायर सहा-सात वरीस जुना, पन नक्षी भरपूर शे. चालई का?

गिरणाकाठ (जळगाव)

आबा, टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) अशी अक्षरं लिहिलेली असतात, त्याच्या शेवटी चार आकडे. समजा २३१८ असेल, तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. आधी ते बघा, कारण गाडी कमी जुनी आणि टायर जास्त जुना असंही असू शकतं. मग बाजूच्या रबरावर आणि नक्षीच्या खोबणीत बारीक चिरा आहेत का ते उजेडात बघा. आपल्या उन्हात उभी राहणारी गाडी असेल तर रबर लवकर कडक होतं, नक्षी कितीही असली तरी. चिरा असतील तर महामार्गावर नेऊ नका, बदला. चिरा नसतील तरी सहा वर्षांनंतर दर वर्षी एकदा टायर उतरवून आतून बघून घ्या, आणि दहा वर्षांच्या पुढे कितीही चांगला दिसला तरी नको.

त्याच वेळी स्टेपनीचे चार आकडे आणि हवाही बघा. तिच्यावर ८० चा वेग लिहिलेला असेल तर ती तात्पुरत्या वापराची आहे. शिरपूरहून धुळ्याला येताना ती लावायची वेळ आलीच, तर पहिल्या पंक्चरवाल्यापर्यंतच.